लेथची भिंतीकडची बाजू

घटस्थापना झाली की भोसरीतल्या शेडच्या शटरखालून पाण्याचे ओघळ रस्त्यावर येऊ लागतात. आत मशिनी धुणं चाललेलं असतं. वर्षभर तेलाने आणि चुऱ्याने काळ्या झालेल्या लोखंडावरून डिझेलचं फडकं फिरतं, कुणी कॉम्प्रेसरला ताजा निळा रंग देतं, कुणी पंख्याची पाती उतरवून घासतं. एरवी कामगारांवर ओरडणारे मालक या दिवसांत स्वतः गुडघ्यावर बसून मशीनखालचा चुरा काढताना दिसतात. नाक्यावर झेंडूचे ढीग लागतात. मग दुपारच्या उन्हात डिझेल, ओला रंग आणि झेंडू यांचा मिळून एक वास तयार होतो. तो दुसऱ्या कुठल्या गावात येत असेल असं मला वाटत नाही.

लहानपणी मला तो आवडायचा नाही. शाळेच्या बसमध्ये मी खिडकी लावून घ्यायचे. आता तो आला की हातातलं काम थांबतं. तीन वर्षांपूर्वी, पितृपक्षाच्या अखेरीपासून दसऱ्यापर्यंत, तो वास माझ्या नखांत होता. साबणाने जात नव्हता, आणि तो जावा असं मलाही फारसं वाटत नव्हतं.

माझे पप्पा टर्नर होते. धाराशिवकडून विशीत इथे आले आणि तीस वर्षं एका कंपनीत लेथवर उभे राहिले. लोखंडाचा गोल तुकडा फिरत ठेवायचा आणि त्याला मापात आणायचा, एवढंच काम. पण माप केसाहून बारीक. ते घरी बोलायचे तेही मापात. आईने कपड्यांची दोरी बांधली की म्हणायचे, "डावीकडं दोन सूत खाली आहे." आई म्हणायची, "कपडे वाळतेत ना? मग राहू द्या."

मी इंग्रजी शाळेत. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मी "सर्व्हिस" लिहायचे. कुणी विचारलंच तर "इंजिनिअरिंग कंपनीत आहेत" म्हणायचे. खोटं नव्हतं. पण त्यात पप्पांचे हात कुठे नव्हते, आणि ते मी मुद्दाम ठेवले नव्हते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांचा आजार हातातच सुरू झाला. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरायला लागला. गल्लीत लोकांना वाटायचं, तंबाखू मळतायत. पप्पांनी जन्मात तंबाखू खाल्ली नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं ते लांबलचक होतं. आई त्याला कंपवात म्हणते. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी पाय हलके झाले, अंगठा थांबला नाही. कंपनीत मायक्रोमीटर धरला की आकडा वाचण्याआधीच हलायचा. त्यांना लेथवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे त्यांनी चार महिने नटबोल्ट मोजून दिले आणि मग स्वतःहून निवृत्ती घेतली.

त्यानंतरचे पप्पा मला रविवारी दिसायचे. मी तेव्हा मारुंजीत दोन मुलींबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहत होते, हिंजवडीच्या नोकरीसाठी. रविवारी दोन बस बदलून घरी यायचे. पप्पा ओट्यावर बसलेले असायचे, उजव्या हातावर डावा हात दाबून. कुणी आलं की तो डावा हात जास्त घट्ट व्हायचा. आम्ही दोघंही कमी बोलणारे. मी शेजारी बसायचे आणि आम्ही रस्त्याकडे बघायचो.

एका रविवारी ते म्हणाले, "म्हाळुंग्याला एक लेथ आहे. लाकडाचं. बघून येऊ."

*

म्हाळुंग्याचं ते घर दोन कंपन्यांच्या भिंतींमध्ये अडकल्यासारखं होतं. मागे पत्र्याचं शेड. गेनूआबा सुतारांनी त्यात पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय, लाटणी, भोवरे असं काय काय कातलं होतं. आता मुलगा शेड पाडून कामगारांसाठी खोल्या बांधणार होता. आबा अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी पप्पांचा हात बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि पप्पांनाच विचारलं, "तुमी चालवणार?"

"हो."

"हात तर तुमचा आधीच चालू हाय, राव."

मी चपापून पप्पांकडे बघितलं. पण पप्पा हसले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या हाताबद्दल कुणीतरी सरळ बोललं होतं.

लेथ शेडच्या कोपऱ्यात पोत्यांखाली होतं. बाभळीचे दोन जाड ओंडके आडवे, त्यांवर एका टोकाला लोखंडी बैठक, जिच्यात दांडा फिरतो. दुसऱ्या टोकाला सरकणारी दुसरी बैठक, जी लाकडाला पलीकडून टोचून धरते. मध्ये पटाशी टेकवायला एक आडवी पट्टी. सगळं गंजलेलं, भुश्शाने बुजलेलं. उंदरांनी पट्टा खाल्ला होता. पप्पांनी फिरणारा दांडा दोन बोटांत धरून वरखाली हलवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बुश गेलेत. बाकी जिवंत आहे."

टेंपोतून परत येताना मी विचारलं, लाकडाचंच का? मला एवढं कळत होतं की लोखंडाच्या लेथमध्ये हत्यार मशीन धरतं, माणूस फक्त चाक फिरवतो. लाकडाच्या लेथवर हत्यार हातात असतं. ज्याचा हात हलतो त्याने हे कशाला घ्यावं?

पप्पांनी उजवा हात मांडीवर पसरला. मग म्हणाले, "मशीन धरतंय त्यात माझं काय? मला माझा हात बघायचाय."

घरी आई दारातच उभी. "पितरं सुरू आहेत. या दिवसांत कुणी नवी वस्तू आणतंय का?"

"नवी कुठंय? चाळीस वर्षांची आहे."

"घरात एक हलणारं होतं ते पुरेना, आता दुसरं आणलं." आईचं बोलणं असंच असतं, तिखट वर, पाणी खाली. खालच्या खोलीतला भाडेकरू गेला होता, तिथे लेथ उतरवलं. आईने तेव्हाच अट घातली. दसऱ्याला पहिलं लाकूड लावायचं, तिच्यासमोर. ती बटणापाशी उभी राहणार. तिला वाटलं की हात धड नाही, तर ती बटण बंद करणार, आणि मग मशीन दुसऱ्या दिवशी भंगारात. पप्पा म्हणाले, "कबूल."

मी ऑफिसला कळवलं की दसऱ्यापर्यंत घरून काम करीन. कारण विचारलं तेव्हा "फॅमिली" एवढंच लिहिलं.

*

त्या दिवसांची मला ओळीने आठवण नाही. तुकडे आहेत. सकाळी लॅपटॉपवर मीटिंग, आणि खालून डिझेलचा डबा सरकल्याचा आवाज. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी खाली जायचे ती वेळेवर वर यायचेच नाही. पॉलिश पेपरने गंज काढताना आधी तपकिरी पाणी निघतं, मग काळं, मग एकदम खालून राखाडी लोखंड डोकावतं, ढगातून दिसावं तसं. मला ते बघायची चटक लागली. मी इंटरनेटवर व्हिडिओ बघितले. परदेशातली माणसं स्वच्छ गॅरेजमध्ये जुनी यंत्रं नव्यासारखी करतात, शेवटी आरशासारखी चमक. मला आमचं लेथ तसं करायचं होतं.

पप्पा मापं घ्यायचे. म्हणजे डायल गेज लावायचे ते, काटा वाचायचे मी. त्यांनी हात लावला की काटा नाचायचा. काटा जितका कमी सरकेल तितका दांडा खरा. एकदा दांडा फिरवताना काटा पाच घरं सरकला. पप्पा गेले तीन तास त्यात होते, घाम मानेवरून शर्टात उतरला होता. मी म्हणाले, "दोन."

ते थांबले. स्वतः वाकले, चष्मा वर केला, काटा बघितला. रागावले नाहीत. हळू म्हणाले, "रीडिंग खोटं सांगायचं नाही. जॉब बाद होतोय." थोड्या वेळाने परत म्हणाले, "बाकी काही खोटं बोल. रीडिंग नाही."

त्यानंतर मी खरं सांगत गेले. पाच. पाच. चार. साडेचार. काम होईना की पप्पा सगळं परत सोडायचे, पुसायचे, परत बसवायचे. अंगठा चालूच असायचा. पण बोल्टच्या डोक्यावर पाना घट्ट बसला की अंगठा थांबायचा. तो थांबतो हे आधी माझ्या लक्षात आलं, मग त्यांच्या. आम्ही एकमेकांना सांगितलं नाही.

एका दुपारी पप्पा जुन्या मित्राच्या शेडमध्ये नवे बुश, दांडा ज्यांत फिरतो त्या कड्या, कातून आणायला गेले. मी एकटीच होते. लेथची भिंतीकडची बाजू राहिली होती. लोखंडी बैठकीच्या मागे, जिथे लाकडाचा भुसा उडत नाही, तिथे तळहाताएवढ्या जागेवर लाल-शेंदरी थर होता. जाड, पापुद्रे सुटलेला, कडेने काळवंडलेला. मी कारखान्यांच्या गावात वाढलेली मुलगी. लोखंडावर लाल म्हणजे प्रायमर; गंज चढू नये म्हणून रंगाआधी मारतात तो. प्रत्येक शेडच्या दारावर, प्रत्येक गजावर तो बघत मी मोठी झाले. मी थिनर लावला, खरवडणी घेतली. थर हट्टी होता, एकाखाली एक निघत राहिला. तासभर लागला. मग राखाडी लोखंड चमकायला लागलं आणि मी फोटो काढला.

पप्पा आले, त्यांनी लेथवरून सगळीकडे हात फिरवला. मागच्या बाजूला हात थांबला.

"इथं काही होतं का?"

"प्रायमर होता. काढला."

"हं," म्हणाले. बुश दाखवायला त्यांनी खिशातून पुडी काढली.

*

सातव्या माळेला गेनूआबा आले. म्हाळुंग्याहून शेअर रिक्षाने, डोक्यावर टोपी, काखेत फडक्यात गुंडाळलेल्या तीन पटाश्या. "दांडं नवं घातल्यात. बिनहत्याराचं मशीन कशाला द्यायचं," म्हणाले. आत आले तेव्हा पप्पा गेज लावून बसले होते आणि मी काटा वाचत होते. आबा बघत राहिले.

"काय चाललंय ह्ये?"

"दांडा अजून दोन घरं फिरतोय," पप्पा म्हणाले.

"दोन घरं म्हंजी किती?"

पप्पांनी सांगितलं. आबा टाळी वाजवून हसले. "राव, ह्ये लाकूड हाय, पिस्टन न्हाई! तुमी आज मापात करताल, उद्या त्ये हवा पिऊन फुगंल. परवा उन्हात बारीक व्हईल. त्याच्यामागं कुटं कुटं पळताल?"

मग त्यांनी पप्पांना पटाशी धरायला शिकवली. मोटर बंद. मी लाकूड हाताने फिरवत होते, पप्पा पटाशी पट्टीवर टेकवत होते. "आधी पट्टीला टेकवा. मग लाकडाला. हवेत धरली की गेली. हात हालतोय ना? हालू द्या. पट्टी धरंल त्याला." पप्पांचा हात पट्टीपर्यंत थरथरत जायचा. टेकला की शांत.

जाताना आबा लेथच्या मागे गेले. भिंत आणि लेथ यांच्यामधल्या फटीत ते अवघडून उकिडवे बसले. मला वाटलं, काम बघतायत. मी त्या चमकीबद्दल काहीतरी ऐकायला उभी होते.

"इथं शेंदूर व्हता," ते म्हणाले.

पप्पांनी पटाशी खाली ठेवली.

"खंडेनवमीला आमच्यात घरातला थोरला तेलात शेंदूर कालवून पाच बोटं वढतो. हत्याराला. दरसाल. खाली माझ्या बापाची बोटं व्हती, वर माझी." त्यांनी तळवा त्या स्वच्छ लोखंडावर ठेवला होता. "म्हटलं, निघताना एकदा बघावं."

माझ्या तोंडून "सॉरी" निघालं. इंग्रजीत. त्या वेळी मला दुसरा शब्द सुचलाच नाही, आणि तो शब्द इतका हलका होता की खोलीत पडल्याचा आवाजही झाला नाही. मी खाली बघत होते. माझ्या नखांत त्या थराचा लालपणा अजून असेल की काय, असं वाटून मी मुठी मिटल्या.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "आगं, घाण समजूनच काढलंस ना? मंग. मशीन साफ करणाऱ्या हाताला काय पाप लागतंय." पण त्यांचा आवाज थोडा बसला होता. दारापर्यंत गेल्यावर वळून पप्पांना म्हणाले, "आमी एकावर एक वढत आलो. त्यामुळं कुठलं कुणाचं ते आमालाबी शेवटी कळंना. तुमी शेजारी शेजारी वढा. जागा लई हाय. आन नवमीला चालू करू नका. त्या दिशी त्याचा आराम."

त्या रात्री पप्पा ताटाकडे बघत जेवले. मी भाकरीचा तुकडा मोडत राहिले. शेवटी हात धुताना म्हणाले, "मला संशय आला होता. मीच विचारायला पाहिजे होतं." चूक त्यांनी अशी अर्धी करून स्वतःकडे घेतली. अर्धी माझ्याकडे आहे. ती अजून आहे.

नवमीला सकाळी अंघोळ करून पप्पा खाली आले. आईने वाटीत तेल आणि शेंदूर कालवला होता. लेथला झेंडूची माळ घातली, पटाश्या पाटावर मांडल्या, त्यांच्याशेजारी माझा लॅपटॉपही. आईला तो हत्यारच वाटतो. पप्पांनी पाच बोटं वाटीत बुडवली आणि लेथच्या मागे, मी खरवडलेल्या जागेवर, वरून खाली ओढली. रेघा सरळ आल्या नाहीत. पाण्यातून बघितल्यासारख्या, प्रत्येकीला बारीक लाटा. पप्पांनी त्या बघितल्या. फडकं घ्यायला हात पुढे गेला.

"पुसायचं नाही," मी म्हणाले. मला वाटतं, त्या सगळ्या दिवसांत मी मोठ्याने बोललेलं तेवढंच वाक्य.

*

दसऱ्याला सकाळी आई बटणापाशी उभी. साडीचा पदर खोचलेला, तर्जनी बटणावर टेकलेली. आदल्या दिवशीची माळ काढून ठेवली होती, फिरत्या दांड्यात अडकू नये म्हणून. लाकूड आबांनीच लाटण्यासाठी दिलेलं, शिसवाचा चौकोनी तुकडा, त्यांच्या माळ्यावर कैक वर्षं वाळत पडलेला. पप्पांनी तो दोन टोकांमध्ये आवळला. हाताने एकदा फिरवून बघितला. मग आईला म्हणाले, "सुरू कर."

चौकोनी लाकूड फिरायला लागलं की त्याच्या कडा दिसेनाशा होतात, आत एक गडद काठी आणि भोवती धुरासारखं काहीतरी दिसतं. पप्पांनी पटाशी उचलली. हवेत ती थरथरत होती. पात्यावर खिडकीचा उजेड नाचत होता. मी आईच्या बोटाकडे बघत होते. पप्पा पट्टीपाशी आले. टेकवली. मग पुढे.

टक, टक, टक, टक. कडा पात्यावर आपटत होत्या. खोली त्या आवाजाने भरली. मग टकटक एकमेकींच्या जवळ आली, त्यांची एक घरघर झाली, घरघर बारीक झाली आणि एका क्षणी एकदम गुळगुळीत, कापड फाडल्यासारखा सलग आवाज. शिसवाची लांब सालपटं पप्पांच्या मनगटावरून उडून त्यांच्या केसांत, चष्म्यावर, शर्टाच्या खिशात पडत होती. त्यांचा हात पट्टीवरून डावीकडून उजवीकडे सरकत होता, आणि तो हात मला ओळखीचा होता. आजाराच्या आधीचा. मला वाटलं होतं, तो कंपनीतच राहिला.

आईचं बोट बटणावरून कधी निघालं ते मला कळलं नाही. मी बघितलं तेव्हा ती दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी होती.

पप्पांनी स्वतःच मशीन थांबवलं. लाटणं काढून हातात घेतलं, आणि हात परत हलायला लागला, लाटण्यासकट. ते आईकडे बघत होते. आई पुढे आली, त्यांच्या हातातून लाटणं घेतलं.

"द्या इकडं. पुरण झालंय, पोळ्या खोळंबल्यात."

"अगं, अजून घासायचंय, तेल द्यायचंय..."

"राहू द्या दोन सूत इकडं तिकडं."

त्या दिवशीच्या पोळ्यांना बारीक रेघा होत्या. पप्पांनी चार खाल्ल्या.

*

दोन वर्षं पप्पांनी त्या लेथवर काम केलं. गल्लीतल्या बायकांची लाटणी, कुणाच्या देव्हाऱ्याचे खांब, चौरंगाचे पाय. लाकूड कातल्यावरही बदलतं हे त्यांना आधी अपमानासारखं वाटायचं. मापून ठेवलेलं लाटणं पावसाळ्यात फुगलं की ते मला व्हर्नियर घेऊन बोलवायचे. नंतर त्यांनी मापणं सोडलं. बोट फिरवून बघायचे. मी मारुंजीचा फ्लॅट सोडून घरी राहायला आले. रविवारी त्यांच्या शेजारी उभी राहून शिकले.

गेल्या उन्हाळ्यात पटाशी पट्टीवर टेकली आणि तरी हात थांबला नाही. लाकूड उसळलं, खिडकीच्या गजावर आपटलं. कुणाला लागलं नाही. पप्पांनी मशीन बंद केलं, पटाशी फडक्याने पुसली आणि दांड्याकडून माझ्यासमोर धरली. आई वर होती. तिला आम्ही काहीच सांगितलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तिने खाली एक खुर्ची आणून ठेवली.

आता ते त्या खुर्चीत बसतात आणि मी कातते. ते बघत नाहीत, ऐकतात. "दाबू नको." "धार गेली." कधी काही न बोलता तळवा लेथच्या बाभळीच्या ओंडक्यावर ठेवतात, नाडी बघितल्यासारखा. मशीन चालू असलं की त्यांच्या हाताची थरथर कुठली आणि लेथची कुठली ते सांगता येत नाही.

भिंतीकडच्या बाजूला तीन नवरात्रांच्या रेघा शेजारी शेजारी आहेत. पहिल्या वर्षीच्या लांब, बारीक लाटांच्या. दुसऱ्या वर्षीच्या त्याहून आखूड. गेल्या वर्षीच्या मध्येच तुटलेल्या, दोन बोटांच्या तर एकमेकींत मिसळलेल्या. मी कधी कधी फटीत उकिडवी बसून त्या बघते. डॉक्टरांच्या फायलीत जे लिहिलेलं आहे तेच इथे आहे, जास्त स्पष्ट. आणि मग मला कळतं की गेनूआबांच्या बापाचा म्हातारपणचा हात कसा होता, आबांचा तरुण हात कसा होता, हे त्या थरात एकाखाली एक होतं, आणि मी तो थर वर्तमानपत्रावर गोळा करून कचऱ्याच्या गाडीत टाकला. आबा दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन येतात. लेथच्या मागे जातात, आमच्या रेघा बघतात. त्यांनी तो विषय परत काढलेला नाही. मीही नाही.

आज खंडेनवमी. सकाळी खुर्ची लेथच्या जवळ सरकवली. माळ घातली, पटाश्या पाटावर ठेवल्या. मी वाटी धरली. आई म्हणाली, "या वर्षी तिला ओढू द्या की." पप्पांनी मान हलवली, नाही म्हणून. थोरला ओढतो.

त्यांची बोटं वाटीत बुडवायला मी वाटी वर नेली. हात धरला नाही. धरावासा वाटत होता. त्यांनी हात लेथला वळसा घालून मागे नेला. बसल्या जागेवरून त्यांना ती बाजू दिसत नाही. बोटं लोखंडाला लागली. खाली सरकली नाहीत. तिथेच थरथरत राहिली, बराच वेळ, आणि मग हात त्यांच्या मांडीवर परत आला. पायजम्याला शेंदूर लागला.

"कसं आलंय?" त्यांनी विचारलं.

आईने माझ्याकडे बघितलं. मी फटीत वाकले. गेल्या वर्षीच्या रेघांच्या शेजारी ओला शेंदूर चमकत होता.

"रेघा नाही आल्या, पप्पा," मी म्हणाले. "ठिपके आलेत."

त्यांनी मांडीवरचा हात उलटा करून बोटांकडे बघितलं.

"किती?"

मी मोजले. कडा पसरल्या होत्या, पण वेगवेगळे दिसत होते.

"पाच."

"पाच आहेत ना?" ते म्हणाले. "मग झालं."